लाकूड पावसाने नाही, अडलेल्या पाण्याने कुजतं

"मुरबाडच्या पावसात लाकडी घर टिकणार नाही, आरसीसी करून वर लाकडी दिसणाऱ्या टाइल्स लावा" असं एकाने सुचवलं, ते मला पटलं नाही. लाकूड भिजून सुकत राहिलं तर टिकतं. ओल अडकून राहिली की कुजतं. शहापूर-मुरबाडकडची जुनी घरं बघा: जोत्यावर दगड, दगडावर खांब. खांबाचा बुंधा ओल्या मातीला लागतच नाही. हल्ली मात्र फोटो छान येतो म्हणून वळचण नसलेलं सपाट छप्पर काढतात आणि मग भिंती काळ्या पडल्या की खापर लाकडावर. पाऊस नैऋत्येकडून मारतो, त्या बाजूला तरी छप्पर चांगलं तीन-चार फूट पुढे काढा.

दुसरा मुद्दा म्हणजे सागाचा पांढरा भाग. वाळवी लागत नाही ही सागाची ख्याती फक्त तपकिरी गाभ्याची आहे; सालीलगतचा फिकट पट्टा वाळवी खुशाल खाते. कमी वयाच्या झाडांत तो जास्त निघतो. ठाण्यात आमचा सुतार वखारीत प्रत्येक फळीचं टोक रंधा मारून बघतो, मगच भाव विचारतो. रंग लावलेला माल तर तो हातातही धरत नाही, रंगाखाली पांढरा भाग दिसत नाही म्हणून.