कट्टे (गावठी पिस्तुलं) थांबवायला राज्याचा वेगळा कायदा? आधी आहेत ते तरी नीट लावा

खानदेशी_माणूस:
काल इथे कडक_कायदा यांनी लिहिलं की महाराष्ट्राने शस्त्रतस्करीविरुद्ध स्वतःचा कायदा करावा, कट्टा सापडला की थेट जन्मठेप, जामीन नाही, मग बघा कसे सरळ होतात. वाचून डोकंच फिरलं. अहो, शस्त्रं हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, विधानसभा त्यावर शिक्षा ठरवूच शकत नाही. आणि शिक्षा कमी आहे कुठे? केंद्राच्या शस्त्र कायद्यात (आर्म ॲक्ट) 2019 ला झालेल्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र बनवलं किंवा विकलं तर किमान 7 वर्षं ते जन्मठेप, तस्करी ठरली तर किमान 10. हे कागदावर आहेच की. पण रोजच्या बातम्या बघा, "एकाला कट्ट्यासह अटक, दोन जिवंत काडतुसं जप्त". तो एक म्हणजे पैशासाठी पिशवी पोचवणारा पोरगा. ज्याने बनवला तो, ज्याने मधे विकला तो, त्यांची नावं चार्जशीटमध्ये "फरार" म्हणून येतात आणि तिथेच विषय संपतो.

कडक_कायदा:
केंद्राची सूची मला शिकवू नका. टोळ्यांविरुद्धचा मकोका 1999 मध्ये राज्यानेच केला ना? सुप्रीम कोर्टात टिकला ना? मग तसाच शस्त्रांसाठी करायला काय हरकत आहे? कोयते झाले, आता पोरं स्टेटसला पिस्तूल टाकतात आणि तुम्ही सूचीतल्या नोंदी मोजत बसा.

कोर्टवारी:
मकोका टिकला कारण तो संघटित गुन्हेगारीवर आहे, बंदुकीवर नाही. आणि राज्याचे कायदे नाहीत हे कोणी सांगितलं तुम्हाला? कुठलीही एफआयआर काढून बघा, आर्म ॲक्ट 3/25 (विनापरवाना शस्त्र) सोबत महाराष्ट्र पोलीस कायदा 37 आणि 135 (शस्त्रबंदीचा आदेश मोडणं) ठोकलेला असतोच, त्याची शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. गुंडांना खटल्याआधीच स्थानबद्ध करणारा 1981 चा एमपीडीए आहे, त्यातल्या "धोकादायक व्यक्ती"च्या व्याख्येत आर्म ॲक्टचे गुन्हे आहेतच, वर्षभर स्थानबद्ध करता येतं. केसेस पडतात त्या दुसरीकडेच. नुसतं कट्टा बाळगल्याचा खटला चालवायला आर्म ॲक्टच्या कलम 39 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, ती कधी उशिरा येते, कधी शस्त्र न बघताच सही केलेली असते, मग बचावाचा वकील तेवढंच धरून बसतो.

पंच_एकेकाळचा:
मी सांगतो काय होतं ते. रस्त्यावरून चाललो होतो, पोलिसांनी पंच म्हणून थांबवलं. कट्टा बघितला, लाकडी मूठ, नळीवर घासल्याचे ओरखडे. खाकी कागदात गुंडाळला, दोरा बांधला, लाख वितळवून सील मारलं, लेबलवर माझी सही घेतली. कितीतरी वर्षांनी समन्स. कोर्टात पाकीट पुढे ठेवलं तर सील फुटलेलं, लेबलवरची सही पुसट झालेली. वकील विचारतो, आरोपीच्या उजव्या कमरेला होता की डाव्या? मला काय आठवणार? आरोपी मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. सुटला तो. तुमच्या जन्मठेपेच्या कायद्यातही पंच माझ्यासारखाच असणार ना?

वऱ्हाडी_शेतकरी:
सगळे कट्ट्यावर बोलून राहिले, परवान्याच्या बंदुकीचं कोणी बोलणार का? माझ्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर आहे. निवडणूक लागली की पोलीस पाटलाचा निरोप, बंदूक ठाण्यात जमा करा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, संपतच नाही. रानडुकरं आचारसंहिता पाळतात का? एका रात्रीत हरभऱ्याचा पट्टा उलथून टाकला. कट्टेवाल्याला कोणी नोटीस देत नाही, आम्हीच सापडतो.

कोर्टवारी:
सरसकट जमा करायचीच नसते, छाननी समितीने एकेक परवाना बघून ठरवायचं असतं. लेखी अर्ज द्या.

वऱ्हाडी_शेतकरी:
दिला होता. साहेब म्हणे वरून आदेश आहे, तुम्ही जमा करा, पावती घ्या. समिती मी तरी कधी पाहिली नाही. तुमचं पुस्तकातलं बरोबर असेल, शेत माझं गेलं.

ठाणेकर:
परवानावाले सगळे साधू नसतात हो. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्हवर माजी नगरसेवकाला मारलं, ते पिस्तूल अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. त्यामुळे जमा करायलाच पाहिजे.

वऱ्हाडी_शेतकरी:
दहिसरच्या पिस्तुलाचा राग माझ्या बारा बोअरवर काढू नका!! डुकरं हाकलायला एक रात्र या मग बोला.

कडक_कायदा:
विषय कुठे नेलात! मी तस्करीवर लिहिलं होतं. बरं, शिक्षा केंद्राच्या कायद्यात पुरेशी आहे, मानलं. पण मग राज्याने हातावर हात ठेवून बसायचं का?

खानदेशी_माणूस:
कोण म्हणतंय बसा? माल येतो कुठून हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चोपडा तालुक्याला लागून, हद्दीपलीकडे बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी. फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या पोलिसांवर तिथल्या हद्दीजवळ हल्ला झाला, एका पोलिसाला उचलून हद्दीपलीकडे नेलं. मग नोव्हेंबरमध्ये पुण्याचे पोलीस मोठा फौजफाटा घेऊन उमर्टीत गेले आणि कट्टे बनवायच्या भट्ट्या फोडून आले. त्याला नवा कायदा लागला का? कट्टा पुण्यात सापडला म्हणून तपास पुण्यातच थांबवला नाही, एवढंच. दरवेळी असंच व्हायला पाहिजे, मध्य प्रदेशबरोबर कायमचं संयुक्त पथक पाहिजे, आणि विकणाऱ्याचा शोध न घेता चार्जशीट आली तर वरिष्ठांनी जाब विचारायला पाहिजे.

कडक_कायदा:
पथकाचं पटतं. पण भट्टी पुन्हा पेटायला किती वेळ लागतो? तेच लोक दुसऱ्यांदा सापडले तर मकोका लावा, तिथे मी मागे हटणार नाही.

कोर्टवारी:
लावा की. फक्त त्याला टोळी दाखवावी लागते आणि मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट लागतात. "फरार" लिहून सोडलेल्याच्या नावावर त्या येणार कुठून?