लिनक्सवर गेम चालू असताना ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळतो. दोष कार्डाचा की सॉफ्टवेअरचा, हे कसे ओळखावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपवर डेबियन १२ आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००, मेमरी १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ६७०० एक्सटी, आणि वेलँडवर चालणारा ग्नोम डेस्कटॉप अशी माझी रचना आहे. स्टीम हे गेम चालवण्याचे अ‍ॅप मी फ्लॅटहबवरून (फ्लॅटपॅक पद्धतीच्या पॅकेजांच्या भांडारातून) घेतले असून प्रोटॉन या त्याच्या साधनाच्या साहाय्याने मूळचा विंडोजसाठीचा एक गेम खेळतो. हा गेम डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीच्या ११ आणि १२ अशा दोन्ही पद्धतींनी चालवता येतो. ११ निवडल्यास तो कितीही वेळ विनातक्रार चालतो. १२ निवडल्यास मात्र अर्ध्या-पाऊण तासात, बहुधा नकाशातल्या नव्या भागात शिरताना, चित्र गोठते, आवाज काही क्षण चालू राहतो, पडदा काळा होतो, आणि मग एक तर लॉगिनचा पडदा समोर येतो किंवा बटण दाबूनच यंत्र बंद करावे लागते.

कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत शेवटी ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’, मग ‘जीपीयू रीसेट बिगिन’ आणि त्यानंतर ‘व्हीरॅम इज लॉस्ट ड्यू टू जीपीयू रीसेट’ अशा ओळी दिसतात. त्यांच्या वर ‘जीएफएक्सहब पेज फॉल्ट’ या मजकुराच्या पुष्कळ ओळी आहेत. त्यांत गेमच्याच प्रोसेसचे नाव आहे, दोष घडवणारा घटक ‘टीसीपी’ असा दाखवला आहे आणि आरडब्ल्यूच्या जागी शून्य आहे.

डेबियनच्या मूळच्या ६.१ कर्नलऐवजी बॅकपोर्ट्स या नव्या पॅकेजांच्या भांडारातले ६.१२ कर्नल, नवे मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरच्या लायब्ररींचा संच) आणि नवे फर्मवेअर हे सर्व मी बसवून पाहिले, तरी काहीही फरक पडला नाही. इंटरनेटवर सुचवलेली कर्नल पॅरामीटर्स अजून लावलेली नाहीत. कार्डाची वॉरंटी संपत आली आहे, त्यामुळे ते दुकानात परत न्यावे की दोष सॉफ्टवेअरचा मानून तपास चालू ठेवावा, याचा निर्णय मला लवकर घ्यायचा आहे. या नोंदींवरून काही निश्चित सांगता येईल का?

उत्तर १

आपण नोंदी क्रमाने दिल्या आहेत, त्यामुळे बोलायला आधार मिळाला. बहुतेक जण केवळ ‘टाइमआउट’ची ओळ पाठवतात आणि तिच्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

रिंग म्हणजे प्रोसेसरने कार्डासाठी कामे रांगेत लावण्याची जागा. प्रत्येक कामाला क्रमांक असतो. टाइमआउटच्या ओळीत दोन क्रमांक येतात: कार्डाने पूर्ण केलेले शेवटचे काम आणि रांगेत टाकलेले शेवटचे काम. आपल्या कर्नलमध्ये ग्राफिक्सच्या कामासाठी मूळ मुदत १० सेकंदांची आहे. तेवढ्या वेळात काम पुरे झाले नाही, तर एएमडीजीपीयू हा कर्नलमधला ड्रायव्हर कार्ड अडकले आहे असे मानून ते रीसेट करतो. म्हणजे टाइमआउट हा परिणाम आहे. काम कशामुळे अडकले, हे त्याच्या आधीच्या ओळींत शोधावे लागते, आणि आपल्याकडे त्या ओळी आहेत.

पेज फॉल्टचा अर्थ असा, की कार्डावर चालणाऱ्या कार्यक्रमाने अशा पत्त्यावरची मेमरी मागितली, जो पत्ता त्या वेळी त्याच्यासाठी वैध नव्हता. ‘टीसीपी’ हा शेडर (चित्र रंगवणारे कार्डावरचे छोटे प्रोग्रॅम) चालवणाऱ्या विभागांजवळचा कॅश आहे आणि आरडब्ल्यूपुढचे शून्य वाचनाचा प्रयत्न दाखवते. याचा सरळ अर्थ, एखादा शेडर मोकळ्या केलेल्या किंवा कधीच न दिलेल्या जागेतून टेक्स्चर अथवा बफर वाचत होता. नव्या भागात शिरताना गेम जुनी टेक्स्चर्स काढून नवी भरत असतो, हे लक्षात घेतले तर आपला अनुभव या अर्थाशी चांगला जुळतो.

वीजपुरवठ्यातल्या दोषाचे चित्र सहसा वेगळे असते. यंत्र एकदम बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते आणि कर्नलला शेवटची ओळ लिहायलाही वेळ मिळत नाही. म्हणून माझा कल सॉफ्टवेअरकडे आहे. मात्र त्यात तीन थर आहेत, हे विसरू नये. गेम स्वतः चुकीचा पत्ता देऊ शकतो. डायरेक्टथ्रीडी १२ चे व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीत रूपांतर करणारा व्हीकेडी३डी-प्रोटॉन चुकू शकतो. किंवा मेसामधला रॅडव्ही हा व्हल्कन ड्रायव्हर चुकू शकतो. डायरेक्टथ्रीडी ११ चे रूपांतर डीएक्सव्हीके हा निराळा प्रकल्प करतो, त्यामुळे ११ सुरळीत चालते याचे आश्चर्य वाटायला नको.

लॉगिनचा पडदा का येतो, हेही सांगून ठेवतो. रीसेटमध्ये व्हीरॅममधला (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतला) मजकूर गेला की गेमबरोबर डेस्कटॉप रंगवणाऱ्या प्रोग्रॅमचीही चित्रे नाहीशी होतात. तो त्यातून सावरला नाही की संपूर्ण सत्र संपते. हा निराळा दोष नव्हे, त्याच घटनेचे ते टोक आहे.

कर्नल पॅरामीटर्स लावली नाहीत, हे उत्तम केलेत. पॉवर मॅनेजमेंट बंद करणारे पॅरामीटर दिले की कार्ड इतके मंद चालते, की दोष प्रकटच होत नाही आणि तो सुटला असा भास होतो. टाइमआउटची मुदत वाढवण्याचा उपाय काम केवळ संथ असेल तेव्हाच उपयोगी. पेज फॉल्टनंतर अडकलेल्या कामाला कितीही वेळ दिला तरी ते पुरे होत नाही.

उत्तर २

वरच्या विश्लेषणाशी मी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नातल्या एका तपशिलाकडे लक्ष वेधतो, कारण माझ्या मते सारा गुंता तिथे आहे. आपण मेसा बदलले आणि फरक पडला नाही, असे लिहिले आहे. स्टीम फ्लॅटपॅकचे असल्यास डेबियनमधले मेसा बदलून गेमला फरक पडणारच नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एएमडीजीपीयू कर्नलमध्ये असतो आणि तो सर्वांना समाईक आहे. रॅडव्ही मात्र मेसाचा भाग असून तो प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लायब्ररी म्हणून लोड होतो. फ्लॅटपॅकचे प्रोग्रॅम डेबियनच्या लायब्ररी वापरत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीडेस्कटॉप प्लॅटफॉर्मचे ‘जीएल डीफॉल्ट’ नावाचे एक्स्टेन्शन वेगळे बसते आणि त्यात स्वतःचे मेसा असते. प्रोटॉन ज्या कंटेनरमध्ये चालतो, तो बाहेरचा ड्रायव्हर आत घेतो हे खरे. पण फ्लॅटपॅकमध्ये त्याच्यासाठी ‘बाहेर’ म्हणजे हेच एक्स्टेन्शन. म्हणजे आपण कर्नल खरोखर बदलले, पण ज्या थरावर वरच्या उत्तरात संशय घेतला आहे, तो थर होता तसाच राहिला.

पडताळणी सोपी आहे. स्टीमच्या हेल्प मेनूतली सिस्टीम इन्फर्मेशन उघडून ड्रायव्हरच्या ओळीतला मेसाचा क्रमांक पाहावा आणि टर्मिनलमध्ये डेबियनच्या पॅकेज यादीतला क्रमांक पाहावा. दोन्ही वेगळे निघाले, तर गेमच्या बाबतीत स्टीमने दाखवलेला क्रमांकच प्रमाण मानावा. त्यानंतर फ्लॅटपॅकची रनटाइम्ससह (समाईक लायब्ररींच्या संचांसह) असलेली पूर्ण यादी काढून ‘जीएल डीफॉल्ट’च्या किती शाखा (आवृत्त्या) बसलेल्या आहेत, तेही तपासावे, कारण जुन्या शाखा यादीत मागे राहतात आणि त्यांच्याकडे पाहून गैरसमज होतो.

फ्लॅटहबवरचे स्टीम ते बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी स्वतः प्रसिद्ध करत नाही, ते स्वयंसेवक सांभाळतात. ते चांगले चालते आणि मी ते टाळा असे म्हणणार नाही. परंतु तपासापुरते डेबियनच्या पॅकेजमधले स्टीम बसवून तोच गेम चालवला, तर दोन मेसांची तुलना आपोआप होईल. तसे करताना ३२ बिटच्या मेसा लायब्ररी आणि ६४ बिटच्या लायब्ररी एकाच आवृत्तीच्या आहेत याची खात्री करावी, अन्यथा स्टीमच उघडणार नाही आणि तपास भलतीकडे जाईल.

उत्तर ३

वॉरंटीचा प्रश्न आहे, म्हणून हार्डवेअरची बाजू इतक्या लवकर सोडू नये असे मला वाटते. पेज फॉल्ट दिसला म्हणजे सॉफ्टवेअरच दोषी, असे सिद्ध होत नाही. यंत्राच्या मुख्य मेमरीतला एक बिट उलटला, तरी पत्ता बिघडतो आणि नोंदीत हुबेहूब हेच दिसते. बायोसमध्ये मेमरीसाठी एक्सएमपीचा (वाढीव) वेग निवडलेला असेल, तर तो काही काळ मूळ वेगावर आणावा आणि मेमटेस्ट८६+ हे मेमरी तपासणारे साधन रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक आली, तर बाकी सर्व तपास तिथेच थांबवून आधी मेमरी बदलावी.

कार्डासाठी मी अशी चाचणी सुचवतो. गेमच्या सेटिंगमध्ये डायरेक्टथ्रीडी १२ तसेच ठेवून फ्रेमची मर्यादा ३० करावी आणि रिझोल्यूशन उतरवावे, म्हणजे कार्डावरचा भार निम्म्याहून कमी होईल. तरीही नव्या भागात शिरताना तोच पेज फॉल्ट आला, तर वीज आणि उष्णता ही कारणे बरीच मागे पडतात. उलट कमी भारावर दोष नाहीसा झाला आणि युनिजिन सुपरपोझिशनसारख्या लिनक्सच्याच चाचणीत पूर्ण भारावर तो पुन्हा दिसला, तर कार्ड नक्की परत न्यावे. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये सर्व ठीक चालते, एवढ्यावरून कार्ड निर्दोष ठरत नाही, कारण दोन्ही पद्धतींत कार्डावर पडणारा भार सारखा असेलच असे नाही.

आरएक्स ६७०० एक्सटीची वीज २३० वॅटपर्यंत जाते आणि क्षणिक उसळी त्याहून वर असते. कार्डाला विजेची दोन कनेक्शने असतील, तर ती पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या दोन स्वतंत्र केबलींनी जोडावीत. एकाच केबलीची दोन तोंडे वापरू नयेत. तापमान ‘सेन्सर्स’ या आदेशाने पाहावे. त्यातले ‘जंक्शन’ हे (चिपवरच्या सर्वांत तप्त जागेचे) तापमान महत्त्वाचे असून या पिढीच्या कार्डांसाठी त्याची मर्यादा ११० अंश सेल्सिअस आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचेच तापमान चाळिशीपुढे जाते, तेव्हा हिवाळ्यात निर्धोक वाटलेली कॅबिनेटची हवा पुरी पडत नाही.

प्रश्नकर्त्याकडून माहिती

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. सुचवलेल्या चाचण्या एका वेळी एकच गोष्ट बदलून केल्या, आणि निष्कर्ष इथे लिहितो, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडतील.

मेमटेस्टमध्ये एकही चूक आली नाही. कार्डाला दोन स्वतंत्र केबली आहेत. फ्रेमची मर्यादा ३० केल्यावरही नकाशाच्या त्याच पट्ट्यात ड्रायव्हर कोसळला आणि त्या वेळी जंक्शनचे तापमान मर्यादेपासून पुष्कळ दूर होते. सुपरपोझिशन पूर्ण भारावर दीर्घकाळ चालले, त्यात काहीही झाले नाही.

स्टीमच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये दिसलेले मेसा माझ्या डेबियनमधल्या मेसापेक्षा खरोखरच जुने निघाले. त्याचे कारणही सापडले. माझे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येते; अशा जोडणीला नेटवर्कमॅनेजर मर्यादित डेटाची जोडणी समजतो आणि ग्नोम सॉफ्टवेअर तिच्यावरून आपोआप अपडेट उतरवत नाही. टर्मिनलमधून फ्लॅटपॅक अपडेट केल्यावर जीएल एक्स्टेन्शन नवे झाले आणि ज्या पट्ट्यात दर वेळी गोठायचे, तिथून गेम निर्विघ्न पुढे गेला.

तरीही एका गुहेच्या तोंडाशी ड्रायव्हर अजून कोसळतो. तिथेही टीसीपीचाच पेज फॉल्ट येतो, आणि तो पाहिजे तेव्हा घडवून आणता येतो. कार्ड दुकानात नेण्याचा विचार मी सोडला आहे. हा उरलेला दोष कुणाला आणि कसा कळवावा?

उत्तर ४

हमखास घडवून आणता येणारा दोष विकासकांच्या फार कामाचा असतो, तेव्हा तो अवश्य कळवा. कुठे कळवायचा, हे ठरवण्यासाठी आधी प्रोटॉनची आवृत्ती बदलून पाहा: सध्याच्या स्थिर आवृत्तीऐवजी प्रोटॉन एक्स्परिमेंटल निवडा, मग एखादी जुनी आवृत्ती. आवृत्तीगणिक वर्तन बदलले, तर संशय व्हीकेडी३डी-प्रोटॉनवर जातो आणि तक्रार गिटहबवरच्या त्या प्रकल्पाकडे जावी. सर्व आवृत्त्यांत तेच घडले, तर ती फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर मेसाच्या विभागात नोंदवावी. कर्नलच्या एएमडी ड्रायव्हरसाठी तिथेच वेगळा विभाग आहे, पण आपल्याकडे रीसेट यशस्वी होत असेल, तर तूर्त तिकडे जाण्याचे कारण नाही. बटण दाबून यंत्र बंद करावे लागते तो प्रकार पुन्हा घडला, तर मात्र रीसेट का फसला याची स्वतंत्र तक्रार कर्नलच्या विभागात करावी.

तक्रारीसोबत प्रोटॉनचा लॉग द्यावा. त्यासाठी गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन लॉग’ या व्हेरिएबलला एक हे मूल्य द्यावे लागते. फ्लॅटपॅकच्या स्टीममध्ये तो लॉग होम फोल्डरात थेट मिळत नाही. तिथल्या ‘डॉट व्हार’ या लपलेल्या फोल्डरात, स्टीमच्या उपफोल्डरात शोधावा. कर्नलच्या नोंदी पहिल्या पेज फॉल्टच्या आधीपासून रीसेट संपेपर्यंत अखंड द्याव्यात, निवडक ओळी देऊ नयेत. यंत्र पुन्हा सुरू करावे लागले असेल, तर जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आदेशाला मागच्या बूटची नोंद मागावी.

कार्ड अडकले की नवे कर्नल कार्डाच्या अवस्थेची एक प्रत डेव्हकोअरडंप या सोयीतून उपलब्ध करते आणि नोंदींत तसे लिहिते. ही प्रत मूळ रचनेनुसार केवळ पाच मिनिटे टिकते. म्हणून दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून एसएसएचने आधीच आत शिरून ठेवावे, मग गुहेपाशी जावे आणि पडदा काळा होताच ती फाइल सुरक्षित जागी उतरवून घ्यावी.

शेडर कॅश पुसण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. मेसा आपली कॅश ड्रायव्हरच्या प्रत्येक बांधणीसाठी वेगळी धरते, त्यामुळे अपडेटनंतर जुने शेडर चुकून वापरले जाण्याची शक्यता फार कमी आहे. तरी एकदा पुसून तोच दोष पुन्हा येतो का ते पाहावे आणि तसे तक्रारीत नमूद करावे, म्हणजे तोच प्रश्न विचारण्यात विकासकांची एक फेरी वाया जाणार नाही. गेमची त्या जागेची सेव्ह फाइल देता आली, तर तीही जोडावी.