जर्मन कंपनीच्या ऑक्शनमध्ये टिकायचं की गाळा भाड्याने देऊन मोकळं व्हायचं?

रबाळे_गाळा:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा आहे, बाबांनी 94 ला एका लेथवर चालू केला, आता कॉम्प्युटरवर चालणारी तीन मशिनं, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, माणसं सात. निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं, पंप बनवणारी कंपनी, जुने मालक बाबांना नावाने ओळखायचे आणि रेट चहावर ठरायचा. गेल्या वर्षी ती कंपनी जर्मन लोकांनी घेतली आणि आता रेट ऑनलाइन ऑक्शनमध्ये ठरतो, जो सगळ्यात स्वस्त देईल त्याला काम. मंगळवारी बसलो होतो, ब्रॉन्झचा बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारी छोटी नळी, आमचा रेट 212 रुपये, स्क्रीनवर आकडा रुपया रुपयाने खाली चाललेला, 191 ला मी हात टेकले, 184 ला कुणीतरी उचलला, नाव पण दिसत नाही. इकडे शेजारी म्हणतो मशिनी वीक, गोडाऊनला दे, आमच्या नफ्यापेक्षा जास्त भाडं येईल. हिशोब त्याचा बरोबरच आहे हो. परदेशी पैसा आला की लोकल उद्योजक वाढतो म्हणतात, कुठे वाढतो ते दाखवा जरा.

कोपरखैरणेकर:
कसली खुली स्पर्धा, तू बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) दोन आकडी व्याज भरणार आणि जर्मनांना पैसा फुकटात. पूर्वी काही वस्तू लघुउद्योगाला राखीव तरी होत्या, लोणचं, पाव, लाकडी फर्निचर वगैरे, शेवटच्या 20 पण एप्रिल 2015 ला काढल्या. आता तुर्भ्याला परदेशी फर्निचरवाली आयकिया आहेच.

पर्चेसवाला:
राखीव असताना काय दिवे लावले आपण? मशिनरीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पैसे घातले की सवलत जायची, म्हणून लोक मोठे व्हायलाच घाबरायचे, एकाच घरात तीन नावांनी तीन युनिटं. आयकियाचं म्हणाल तर सिंगल ब्रँड, म्हणजे एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानात 51 टक्क्यांच्या वर परदेशी मालकी असेल तर 30 टक्के खरेदी भारतातून करावी लागते, ती कुणीतरी बनवतंच ना.
रबाळेवाले, मी अशाच एका कंपनीत पर्चेसला आहे म्हणून सांगतो, ऑक्शनमध्ये बुश विकूच नका. बोअरची, म्हणजे आतल्या भोकाची टॉलरन्स एच सेव्हन असेल, म्हणजे मापात मायक्रॉनचाच फरक चालत असेल, तर 184 वाल्याचा पहिला लॉट येऊ दे, मग बघू. तुम्ही सॅम्पलची कामं मागा, ब्रेकडाऊनचे पाच-दहा नग मागा, रात्री नऊला फोन आला की सकाळी पार्ट गेटवर, हे लांबच्या कुणाला जमणार नाही आणि त्याला रेट कुणी विचारत नाही. फक्त प्रत्येक लॉटबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट द्यायची सवय लावा, जर्मन लोक आधी कागद बघतात. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? मग करार काहीही असो, 45 दिवसांत पैसे द्यायलाच लागतात, इन्कम टॅक्सचं 43 बी एच कलम आल्यापासून मुदत उलटून मार्चअखेर थकलं तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही, आमचे अकाउंट्सवाले मार्चमध्ये स्वतःहून व्हेंडरला फोन करतात.

वागळे_काका:
मी 2011 लाच मशिनी काढल्या, गाळा भाड्याने. पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी काढा मात्र, चार्ज भरावा लागतो. पैसा येतो, खोटं कशाला बोलू, पण माझा सेटर, मशीनवर जॉब लावून देणारा, मायक्रॉनमध्ये हात बसलेला माणूस, आता घोडबंदरला रिक्षा चालवतो. परदेशी लोकांना कशाला नावं ठेवता, ठाण्यात पोखरण रोडला रेमंडच्या कापड गिरणीच्या जागेवर टॉवर झाले ते काय जर्मनांनी बांधले? जागेत जास्त मिळतं म्हणून आपणच लेथ बंद केले.

ठाणे_इकॉनॉमिक्स:
काकांनी अर्थशास्त्रज्ञ बॉमोलच सांगितला की! 1990 ला त्याने हेच मांडलं होतं, हुशार धडपडी माणसं सगळीकडेच असतात, ती नवीन काही बनवतात की नुसती भाड्यावर, वशिल्यावर कमावतात हे तिथले नियम ठरवतात.

रबाळे_गाळा:
ड्रॉइंग काढून बघितलं, एच सेव्हनच आहे. त्यांच्या मेंटेनन्सवाल्याचा नंबर बाबांच्या डायरीत सापडला, उद्या सकाळी गाठतो. शेजाऱ्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलंय. काका, सेटरचा नंबर असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, माझा एक माणूस मे महिन्यात गावाला गेलाय तो अजून आला नाही.