फोनच्या बॉक्सवर रेंजचा आकडा छापायला कंपन्यांना अडचण कसली आहे?

लेथवाला
कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लहान मशीन शॉप आहे. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी भिंत, पुढं शटर. दिवाळीत 24 हजारांचा नवा फोन घेतला. त्याआधीचा चार वर्षांचा फोन लेथशेजारच्या टेबलावर पडलेला असला तरी वाजायचा. नवा वाजतच नाही. फौंड्रीवाला कास्टिंगची गाडी घेऊन दारात येतो आणि म्हणतो, "मालक, सहा वेळा लावला, फोन बंद सांगतोय." सिम तेच, टेबल तेच.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या पोरानं काड्या बघितल्या आणि म्हणाला, "फुल्ल आहे की." त्यांच्या दुकानासमोरच्या इमारतीवरच टॉवर आहे, तिथं फुल्लच असणार. नेटवर्कवाले म्हणाले हँडसेट तपासून घ्या. हँडसेटवाले म्हणाले नेटवर्कचा प्रॉब्लेम. तीन आठवड्यांनी एक अपडेट आलं, 'नेटवर्क स्थिरता सुधारली' असं त्यात लिहिलेलं. शॉपमध्ये एका काडीच्या तीन काड्या झाल्या. फोन मात्र तरीही लागेना.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथं रेंजचा आकडा डीबीएम ह्या मापात दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. अपडेटच्या आधी मी तो वहीत लिहून ठेवला होता: उणे 114. अपडेटनंतर त्याच टेबलावर: उणे 114. काड्या वाढवल्या, रेंज तेवढीच. ह्याचा मला खरोखर राग आला.

हे नवीन नाही. 2010 च्या जूनमध्ये आयफोन 4 आला. स्टीलची कड हीच त्याची अँटेना, आणि डावीकडे खाली जी फट होती तिथं हात टेकला की रेंज पडायची. एका ग्राहकानं ईमेल केला तर ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्सनी उत्तर दिलं की तसं धरायचं टाळा. 2 जुलैला कंपनीनं पत्र काढून कबूल केलं की काड्या मोजायचं सूत्रच चुकलं होतं, पुष्कळदा दोन काड्या जास्त दिसत होत्या. 16 जुलैला पत्रकार परिषद झाली आणि 30 सप्टेंबरपर्यंत फुकट कव्हर जाहीर केलं. पुढं अमेरिकेतल्या खटल्यात 2012 ला तडजोड झाली: 15 डॉलर घ्या नाहीतर कव्हर घ्या.

माझं म्हणणं एवढंच. किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, त्याला एक असं प्रमाण नाही. पण फोन किती बारीक सिग्नल पकडतो आणि किती ताकदीनं उलट पाठवतो हे प्रयोगशाळेत, नकली डोकं आणि नकली हात लावून मोजतात. अमेरिकेत सीटीआयए ह्या मोबाइल उद्योगाच्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी ही चाचणी होते. म्हणजे आकडा असतो. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून सारची, म्हणजे फोनच्या लहरी अंगात किती शोषल्या जातात त्या मापाची, मर्यादा 1.6 वॅट प्रतिकिलो आहे आणि तो आकडा आपल्याला बघायला मिळतो, कुठल्याही फोनवर *#07# दाबा. मग रेंजचा आकडा का नाही? कॅमेरा किती मेगापिक्सेल हे एवढ्या मोठ्या अक्षरात छापता, आणि फोन ज्यासाठी घेतला ते छापत नाही?

मास्टवरून
टॉवरच्या कामात मी अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. पत्र्याखाली बसून फोनला दोष देऊ नका. लोखंडी पत्रा रेडिओ लहर परत फेकतो. आत जे येतं ते शटरमधून आणि खिडकीतून. उणे 114 म्हणजे अगदी कडेला बसलेला फोन, तिथं अर्धं पाऊल सरकलं तरी आकडा बदलतो.

दुसरं, बँड, म्हणजे फोन ज्या लहरींच्या पट्ट्यावर चालतो तो. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी आत जातो, 2300 पुष्कळ कमी जातो, 5जीचा 3500 तर त्याहून कमी. जुना फोन 850 वर आणि नवा 2300 वर असेल तर तुम्ही फोनची नाही, बँडची तुलना करताय. तिसरं, तो डीबीएम फोनची चिपच सांगते. दोन फोन म्हणजे दोन वेगळे काटे, आणि दोन्ही कुणी तपासून शिक्का मारलेले नाहीत.

आयफोन 4 चं बोलायचं तर हातानं रेंज पडते हे सगळ्याच फोनचं आहे, अंगातलं पाणी लहर शोषतं. त्याच पत्रकार परिषदेत इतर कंपन्यांचे फोनही पडताना दाखवले होते. आकडा छापून गिऱ्हाईक जास्त गोंधळेल. बँडगणिक आकडा वेगळा, डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा. कुठला छापणार?

बावड्याची वाट
मी गगनबावडा भागात शिक्षिका आहे. मास्टवरून दादा, 'कडेला बसलेला फोन' म्हणालात तिथंच आम्ही राहतो. शहरात ज्यांच्या गच्चीवर टॉवर आहे त्यांना कुठलाही फोन चालतो. चांगला की वाईट हे आमच्याकडे कळतं. पावसाळ्यात घाट धुक्यात असतो, शाळेच्या व्हरांड्यात एकाच खांबापाशी रेंज येते. तिथं माझा फोन लागतो आणि सहकारी बाईंचा, जो माझ्यापेक्षा महाग आहे, तो लागत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा पायरीवरून पडला तेव्हा त्याच्या घरी कळवायला सगळ्यांनी माझा फोन मागितला. तो आकडा बॉक्सवर असता तर बाईंनी दुसरा फोन घेतला असता. गोंधळ होईल म्हणून सांगायचंच नाही, हे मला पटत नाही.

सोल्डरगन
राजारामपुरीत दुरुस्तीचं दुकान आहे माझं. दोन्हीकडचं खरं आहे, पण माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो. रेंज नाही म्हणून आलेला फोन मी आधी कव्हर काढून बघतो. गाडीच्या चुंबकाच्या स्टँडसाठी मागं लोखंडी चकती चिकटवलेली असते. अँटेना असते फोनच्या कडेला आणि खालच्या पट्टीत, तिच्याशेजारी लोखंड नको.

दुसरी गोष्ट, डिस्प्ले बाहेर कुठं बदललाय का. आत दोऱ्यासारखी बारीक अशी एक वायर असते, खालच्या बोर्डाकडून वरच्या बोर्डाकडं जाणारी, दोन्ही टोकांना मोहरीएवढं बटण. ते नीट 'टक्' करून बसलं नाही तर काड्या दिसतात पण कॉल तुटतो. मी भिंगाखाली बघून बसवतो, पाच मिनिटांचं काम. लेथवाले, चकती आहे का?

पंचगंगा 47
कंपन्यांच्या मागं लागून काय मिळणार? ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, 2015 ला नियम केला होता, कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. 1 जानेवारी 2016 पासून लागू, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. नेटवर्कवाल्यांचं हे झालं, हँडसेटवाले कुणाला विचारतात?

रंकाळावेस
पंचगंगा, एवढं हताश व्हायचं कारण नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. लेथवाल्यांनी वहीत तारखा लिहिल्यात, त्या तिथं उपयोगी पडतात. सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट, म्हणजे फोन तपासल्याचा कागद, मात्र मागून घ्या. 'तपासलं, दोष नाही' एवढं जरी लिहून दिलं तरी तो कागद ठेवा.

शिरोलीकर
शॉपला रेंज वाढवणारा बूस्टर बसवा की. ऑनलाइन मिळतो.

मास्टवरून
अजिबात बसवू नका. परवान्याशिवाय ते यंत्र ठेवणं बेकायदा आहे. आणि एका बूस्टरपायी अख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात, आम्ही तो शोधत दिवसभर अँटेना घेऊन फिरतो. ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, पैसे लागत नाहीत.

लेथवाला
सोल्डरगन, चकती होती. गाडीच्या स्टँडची. काढली.

आज दुपारी लाइट गेली होती, मशीन बंद, म्हणून निवांत मोजलं. दोन्ही फोन बिनाकव्हरचे, टेबलावर खडूनं खूण करून त्याच जागी, सिम एकातून काढून दुसऱ्यात. बँड ॲपवर बघितला, दोन्ही वेळा 1800 च. दहा-दहा वेळा आकडा घेतला. जुना उणे 105 च्या आसपास, नवा उणे 110. म्हणजे चकतीनं 4 डेसिबल खाल्ले होते, ते माझं चुकलं. मास्टवरून, बँडची शंकाही रास्त होती, ती आता फिटली. पण 5 डेसिबलचा फरक उरला. 3 डेसिबलला ताकद निम्मी होते, 5 ला जवळजवळ एक तृतीयांश.

मास्टवरून
मेहनत घेतली, मानलं. तरी दोन काट्यांचा मुद्दा राहतोच. त्या 5 मधले किती अँटेनाचे आणि किती चिपच्या मोजणीचे, हे ना तुम्हाला सांगता येईल ना मला.

लेथवाला
बरोबर. आम्हाला घरी सांगता येत नाही म्हणून तर ज्यांनी प्रयोगशाळेत मोजलंय त्यांनी सांगावं. बँडगणिक वेगळा असेल तर चार ओळी छापा. बेअरिंगच्या डब्यावर आम्हाला मायक्रॉनपर्यंत माप मिळतं, तिथं कुणी गोंधळत नाही.

वाय-फाय कॉलिंग चालू केलं, आज फौंड्रीचा फोन आत लागला. तक्रार मागं घेणार नाही, जॉबशीट उद्या मागतो.

सोल्डरगन
जॉबशीट मिळाली की दोन्ही फोन घेऊन या, शनिवारी दुपारी गर्दी नसते. वॉरंटीत आहे म्हणून नवा उघडणार नाही. जुना उघडून अँटेना कुठं कशी दिलीय ते दाखवतो.