विषय: गावच्या घरातल्या खरबरीत भिंती आणि सिलिंग, कंत्राटदार कोणता ठरवू?

नमस्कार मंडळी,

देवगडजवळच्या आमच्या घरात आई-बाबा दोघंच असतात. घर चिऱ्याचं, वर स्लॅब. काही वर्षांपूर्वी हॉलच्या दोन भिंतींवर टेक्श्चर (उठावाच्या नक्षीचा जाड रंग) करून घेतलं आणि सिलिंगला स्प्रेचा दाणेदार थर दिला. आता त्या खाचांत धूळ आणि जाळी साठतात, पावसाळ्यात बुरशी धरते, पुसायला गेलं की फडकं अडकतं. आईला दमा आहे. शिवाय गणपतीमागची भिंत बाबा दरवर्षी स्वतः चित्रं काढून रंगवायचे, ते टेक्श्चर आल्यापासून बंद झालं. म्हणून सगळं काढून साधी गुळगुळीत भिंत करायची आहे.

तिघांनी येऊन पाहिलं. पहिला म्हणतो, टेक्श्चरवरच पुट्टी भरतो, आठवड्यात मोकळे. दुसरा म्हणतो जिप्सम मारू, फिनिशिंग एक नंबर येईल. तिसरा म्हणतो, आधी थोडं खरवडून बघतो, मग भाव सांगतो. पण पहिल्या दोघांपेक्षा जास्तच लागतील हे त्याने आधीच सांगितलंय. बाबांना काम गणपतीआधी हवंय. न्यू जर्सीतल्या आमच्या घराचं दाणेदार सिलिंग काढताना अ‍ॅस्बेस्टॉसची (श्वासातून जाणाऱ्या घातक तंतूंची) तपासणी करून घेतली होती, तशी तिथेही लागेल का? आणि यातला कोण ठरवू?

—

नमस्कार,

मी तुमच्याच मंडळाचा जुना सभासद, आता रत्नागिरीत असतो आणि घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो. तिसऱ्याला ठरवा. खरवडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय दिलेल्या भावाला अर्थ नसतो.

तुमचा चिरा म्हणजे जांभा, तो स्पंजासारखा पाणी धरतो. जोत्यातून ओल वर चढते, पश्चिमेच्या भिंतीवर वाऱ्याचा पाऊस आदळतो, त्यात खारी हवा. ती ओल बाहेर पडताना क्षार सोबत आणते आणि रंगामागे पांढरी भुकटी साचते. टेक्श्चरच्या फुगलेल्या जागी पुट्टी ओढायचा पत्रा घालून एक पापुद्रा काढा. मागे मिठासारखी पूड निघाली किंवा बोटाला गार लागलं, तर तुमचं पहिलं काम गुळगुळीत करणं नाही, पाणी थांबवणं आहे. कंत्राटदार आल्यावर आधी बाहेर जाऊन पागोळ्या कुठे पडतात, खिडकीवरचा छज्जा फुटलाय का, बाथरूमची भिंत कुठल्या बाजूला आहे, हे बघतो का? यावर मी माणूस पारखतो. सरळ टेप काढून स्क्वेअर फूट मोजायला लागला तर तो रंगारी म्हणून चांगला असेल, पण या कामाला नाही.

पहिल्याचा मार्ग स्वस्त दिसतो, पण बहुतेक टेक्श्चर अ‍ॅक्रिलिकचं असतं आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टी तेलकट-गुळगुळीत जुन्या रंगाला नीट धरत नाही. वर्षभरात पापड्या सुटतात. शिवाय पुट्टी दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटरचीच असते. खाचा त्याहून खोल असतील तर आधी खरवडून लेव्हलिंगचा थर द्यावा लागतो. टेक्श्चर कसलं आहे हे कळायला ओला फडका दहा मिनिटं लावून ठेवा. मऊ होऊन सुटलं तर काम सोपं, नाहीतर घासणं आलं, आणि त्याची मजुरी जास्त पडणारच.

जिप्सम दिसायला सुंदर, यात वाद नाही. पण सतत ओल लागली की ते मऊ पडतं. कोरड्या भागातल्या फ्लॅटमध्ये ठीक आहे. देवगडच्या बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला मी ते सुचवणार नाही.

सिलिंगचं वेगळं आहे. काठीने टकटक करून आवाज ऐका. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला किंवा गंजाच्या रेघा दिसल्या तर आतले गज गंजून स्लॅबचं काँक्रीट सुटत असू शकतं. तिथे पुट्टीवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आई-बाबा त्याच्याच खाली बसतात.

भाव लेखी घ्या: खरवडणं वेगळं, लेव्हलिंग वेगळं, पुट्टी किती हात, प्रायमर, रंग, दार-खिडक्यांची वजावट कशी धरणार, माल कुणाचा. मग सर्वांत खराब भिंतीवर चार बाय चार फुटांचा तुकडा करून घ्या. रात्री दिवे बंद करून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा टाका. दिवसा जे दिसत नाही ते उंचवटे, पत्र्याच्या रेघा, पॉलिश पेपरचे ओरखडे सगळे उभे राहतात. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा; परदेशात बसून यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

गणपतीआधी मात्र करू नका. श्रावण-भाद्रपदात भिंत आणि हवा दोन्ही ओली, पुट्टी वाळत नाही, आणि त्या दिवसांत प्रत्येक घरी रंगाची घाई असल्याने चांगला माणूस वेळ देत नाही. दिवाळीनंतर एक दिवस भिंतीला पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी आत थेंब दिसले तर अजून थांबा.

अ‍ॅस्बेस्टॉसचं म्हणाल, तर अमेरिकेत अशा सजावटीच्या स्प्रेवर 1978 मध्ये बंदी आली आणि त्याआधीच्या सिलिंगांसाठी तुमची तपासणी योग्यच होती. तुमचं टेक्श्चर काही वर्षांपूर्वीचंच आहे, त्यामुळे ती काळजी मी पुढे ढकलीन. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर मात्र ते कुणाला कापू-घासू देऊ नका, त्यात तंतू असू शकतात.

आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा गेल्यावर देण्याची अट घाला.

—

काकांचं बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही. आमचं घर गुहागरला, मी दुबईला. गावातल्या छोट्या कंत्राटदाराला शनिवारी मजुरांचे पैसे द्यावे लागतात. वर्षभर दहा टक्के अडकवले तर चांगला माणूस काम घेणारच नाही, आणि जो घेईल तो ते आधीच भावात मिळवेल. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने द्या: खरवडून झाल्यावर, प्रायमरआधी आणि शेवटी. प्रत्येक टप्पा कुणीतरी आपलं माणूस बघेल अशी व्यवस्था करा, मग ते चुलत भावजयीचा मुलगा का असेना.

आणि धूळ! खरवडताना-घासताना सिमेंटची बारीक भुकटी घरभर होते. व्हॅक्यूम लावलेलं घासायचं मशीन आहे का हे विचाराच, मजुरांना मास्क द्या, आणि आईंना त्या दिवसांपुरतं मावशीकडे किंवा कुठेतरी हलवा. दम्याच्या माणसाने त्या घरात राहू नये, दार लावून घेतलं तरीही.

—

काका, ताई, मनापासून आभार. बाबांशी बोललो. गणपती या वर्षी टेक्श्चरसमोरच बसेल. माटवीमागे (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीमागे) पांढरी चादर ताणून तिच्यावर चित्र काढतो म्हणाले. तिसऱ्याला आज फोन केला, तर त्याने स्वतःच सांगितलं की दिवाळीआधी हात लावणार नाही, आणि पश्चिमेकडचा छज्जा आधी दुरुस्त करायला लागेल. त्याचा भाव नमुन्याच्या तुकड्यानंतर येईल. पैसे ताईंनी सांगितलं तसे टप्प्याने देणार. आई तेव्हा कणकवलीला मामाकडे जाईल.

नोव्हेंबरात कुणी देवगड-कणकवलीकडे जाणार असेल तर कळवा. बाबांची नजर आता अधू झालीय; बॅटरी लावून तो तुकडा बघायला कुणी जाणतं माणूस मिळालं तर फार बरं होईल.