मुलगी वयाने "लहान" पडली म्हणून चिअरलीडिंग स्पर्धेतून बाद, असं असतं का कुठे?

पेडेवाली_आई, म्हापसा
नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी सहावीत आहे, आधी जिम्नॅस्टिक्स करायची, आता क्लासच्या चिअर टीममध्ये आहे. टीममध्ये सगळ्यात हलकी तीच त्यामुळे वर उचलतात ती तिलाच, फ्लायर म्हणतात. आता एका खासगी स्पर्धेचं परिपत्रक आलंय, त्यात ज्युनिअर गटाला जन्मवर्ष २०१० ते २०१३ असं लिहिलंय. आमची २०१४ ची, तेही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली!! म्हणजे थोडी आधी जन्मली असती तर चाललं असतं.

मोठी मुलं खालच्या गटात घुसवतात म्हणून वरची अट असते हे मला कळतं, गोव्यात राहून अंडर-१४ च्या मॅचला मिसरूड फुटलेले पोरगे कोणी बघितले नाहीत? पण लहान मुलगी मोठ्यांच्यात खेळली तर बाकीच्यांचं काय जातं? ग्रुपवर एका पालकांनी सुचवलं की शाळेच्या आयडीवर २०१३ करून घ्या, कोण बघतंय. मला ते पटत नाहीये, पण फ्लायर नाही तर रूटीन (बसवलेला कार्यक्रम) नाही, आणि सगळे आईबाप माझ्याकडे असे बघतायत की मीच अडवून ठेवलंय. कोणाला माहिती असेल तर सांगा, खालची अट खरंच असते की या आयोजकांनीच काढलीये?

मडगावकर_स्टॉपर
आयोजकांचं डोकं फिरलंय, दुसरं काय. फुटबॉलमध्ये १३ वर्षांचा पोरगा अंडर-१७ मध्ये खेळला तर पेपरात फोटो येतो. २०१७ ला फातोर्ड्याला अंडर-१७ वर्ल्ड कप झाला तेव्हा मनगटाचा एमआरआय कशासाठी होता, मोठा कोण आहे ते पकडायला. लहान कोण आहे ते नव्हे.

फोंड्याचे_सर
स्टॉपरभाऊ, फुटबॉलचं गणित इथे लावू नका. फुटबॉलमध्ये लहान असणं तोट्याचं, म्हणून खालचं दार उघडं ठेवलं तरी त्यातून मुद्दाम कोणी आत शिरत नाही. चिअरमध्ये खालून उचलणाऱ्या बेस आणि मागून मान-पाठ सांभाळणारी बॅक स्पॉट जेवढ्या मोठ्या आणि दणकट तेवढं बरं, आणि वर जाणारी जेवढी लहान तेवढं बरं. खालची अट काढून टाका, पुढच्या वर्षी प्रत्येक कोच १६ वर्षांच्या बेसच्या हातावर ८ वर्षांचं पोर उभं करेल. कारण त्याने मार्क वाढतात. पडलं तर ते पोर पडतं, कोच नाही.

दहीहंडीचं काय झालं आठवा. सगळ्यात वरच्या थराला सगळ्यात लहान पोरगं, कारण तेच हलकं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालच्यांना मनाई केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात जाऊन आलं, शेवटी २०१७ मध्ये १४ वर्षांवर येऊन थांबलं. तिथे काय कोणी तक्रार केली होती का की मोठ्या वयाचे गोविंदा घुसले म्हणून? सगळा वाद वरच्या पोराचाच होता.

आणि ताई, तुमची जिम्नॅस्टिक्सची ओळख आहे म्हणून सांगतो, आमच्या खेळात वयाची मोठी लबाडी नेहमी याच दिशेने झालीये, मुलगी आहे त्याहून मोठी दाखवायची. बायकांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये १९९७ पासून सिनिअरला त्या कॅलेंडर वर्षात १६ पूर्ण व्हायला हवीत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये चीनच्या डोंग फांगशियाओचं जन्मवर्ष १९८३ दाखवलं होतं, नंतर कागदांत १९८६ निघालं, म्हणजे तेव्हा ती १४ चीच. २०१० मध्ये चीनचं टीम ब्राँझ काढून अमेरिकेला दिलं. एकीच्या तारखेपायी सगळ्या टीमचं मेडल गेलं, तेही दहा वर्षांनी. फिगर स्केटिंगवाल्यांनी तर २०२२ मध्ये सिनिअरची खालची मर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर न्यायचं ठरवलं. त्यामुळे तुमच्या आयोजकांनी काही नवीन काढलेलं नाही.

साळगावची_मावशी, सध्या न्यू जर्सी
माझी लेक इथे ऑल-स्टार चिअर करते त्यामुळे ही वयाची भानगड दरवर्षी मे महिन्यात टीम पाडताना घरी असतेच. इथे शाळेचं चिअर वेगळं आणि जिमचं ऑल-स्टार वेगळं. ऑल-स्टारचे नियम यूएसएएसएफ नावाची संस्था करते, टायनी, मिनी, यूथ, ज्युनिअर, सिनिअर असे गट, आणि त्याला लावून कौशल्याच्या लेव्हल. सरांनी म्हटलं तसं खालची अट आहेच, फक्त ती सगळीकडे सारखी नसते. खालच्या लेव्हलला जिथे नुसत्या कोलांट्या, कार्टव्हील आणि कमी उंचीचे स्टंट (म्हणजे वर उचलणं) असतात तिथे लहान पोरं मोठ्यांच्यात चालतात, लेव्हल चढत जाते तशी खालची वयोमर्यादाही चढते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं कारण धोका वयाला एकट्याला चिकटलेला नाहीये, वय आणि उंची आणि काय करताय यांच्या बेरजेला आहे. तुमच्या परिपत्रकात लेव्हल दिलीये का बघा हं, नसेल तर ते अर्धवट परिपत्रक आहे, सरसकट एकच पट्टा लावलाय.

आणि जानेवारीचं म्हणाल तर ते नशीब, त्यावर रडून उपयोग नाही. इथे आधी ३१ ऑगस्टला वय किती ते बघायचे, आता जन्मवर्ष बघतात. पॉप वॉर्नर म्हणून लहान मुलांच्या अमेरिकन फुटबॉल-चिअरची जुनी संस्था आहे त्यांची तारीख ३१ जुलै. स्केटिंगला १ जुलै. तारीख कुठलीही ठेवा, कोणाची तरी पोर आठवड्याने चुकणारच. माझी डिसेंबरची आहे, ती प्रत्येक गटात सगळ्यात लहान, आमच्या घरी उलटं रडगाणं.

एक मात्र चांगलं, एकदा सीझनला गट ठरला की मध्ये वाढदिवस येऊन गेला तरी बदलत नाही.

मडगावकर_स्टॉपर
सर, दहीहंडीचं पटलं. पण मग जी पोर तयार आहे तिला नुसतं जन्मसालावरून थांबवायचं हे पण बरोबर नाही ना. आमच्या ओळखीत एक मुलगी आहे दहा वर्षांची, तिच्याइतकं बॅलन्स चौदाच्या मुलींना नाही.

फोंड्याचे_सर
बॅलन्स असेल हो. पण वरून निसटली तर तिचा बॅलन्स झेलणाऱ्यांच्या काय कामाचा? शिवाय लहान पोर "नको, भीती वाटते" असं कोचला म्हणत नाही. चौदाची म्हणते. माझ्या मते वयाच्या अटीचं हे कारण नियमात कुठे लिहिलेलं नसतं पण सगळ्यात मोठं आहे.

दाखला_पंचायत
मी पंचायतीत नोकरीला, चिअर बिअर कळत नाही, कागदाचं सांगतो. आयडीवर २०१३ करायचा विचार डोक्यातून काढून टाका. शाळेच्या रजिस्टरला जी तारीख आहे तीच पुढे बोर्डाच्या सर्टिफिकेटला जाते, तिथून पासपोर्टला. एका जागी वेगळं दाखवलं की पुढे प्रत्येक ठिकाणी ॲफिडेव्हिट करत बसायचं. आपल्याकडे लोक पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्माच्या नोंदी शोधत वर्षानुवर्षं चकरा मारतात, नावातलं एक अक्षर वेगळं निघालं तरी अडतं, आणि तुम्ही वर्षच बदलायला निघालाय एका स्पर्धेसाठी.

आधार पण पुढे करू नका, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख त्याच्यापेक्षा वरचढ. सगळ्यात पक्का म्हणजे जन्म दाखला, त्यावर नोंदणीची तारीख पण असते आणि बघणारा आधी तीच बघतो. जन्म झाल्या झाल्या नोंद झालेली असेल तर विषय संपला. पाच सहा वर्षांनी केलेली असेल तर संशय येतो. आणि केंद्राच्या क्रीडा खात्याचा वय चोरीविरुद्धचा नियम २०१० पासून आहे, खासगी स्पर्धेला लागू असो नसो, मुलगी उद्या शालेय स्पर्धेत उतरली तर तिथे ३१ डिसेंबर धरून अंडर-१४, १७, १९ बघतात, तेव्हा हे दोन कागद समोरासमोर येणार.

पेडेवाली_आई
देव बरें करूं सगळ्यांना. आयडीचं मी करणार नव्हतेच पण आता ग्रुपवर ठणकावून सांगता येईल. मावशी, लेव्हल काहीच दिलेली नाहीये परिपत्रकात, फक्त "पिरॅमिडला जास्त गुण" असं लिहिलंय. सर, मग टीमचं काय करायचं? तिच्याशिवाय कोणाला उचलताच येत नाही असं कोच म्हणतात.

फोंड्याचे_सर
उचलता येत नाही म्हणजे बेसची तयारी नाही, हे कोचना कोणीतरी सांगायला हवं. एवढ्या सगळ्या जणींना मिळून एक बारा-तेरा वर्षांची मुलगी खांद्याच्या उंचीला सुरक्षित धरता येत नसेल तर डोक्यावर हात सरळ करून अकरा वर्षांची धरणं सुद्धा नकोच होतं, आतापर्यंत निभावलं ते तिच्या वजनामुळे. दुसरी फ्लायर घ्या, बारीकच पाहिजे असं नाही, अंग ताठ धरणारी पाहिजे. स्टंट एक पायरी खाली आणा, कोलांट्या आणि नाचात मार्क मिळवा. तुमच्या मुलीला सरावाला येऊ दे, टंबलिंग म्हणजे कोलांट्या करू दे, आणि एकदा तिला बेसला उभी करा, खालून काय वाटतं ते फ्लायरला कळलेलं बरं असतं. तिच्या वयाच्या गटात टीम होत असेल तर तिथे उतरवा.

साळगावची_मावशी
आणि जमीन कसली आहे ते विचारा गो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलंय की स्टंट, पिरॅमिड, टंबलिंग यातलं काहीही कडक जमिनीवर करायचं नाही, स्प्रिंगचा किंवा फोमचा फ्लोअर हवा, नाहीतर सरळ हिरवळीवर करा. दोन माणसांहून उंच पिरॅमिड नको असंही त्यात आहे. आपल्याकडे शाळेच्या हॉलात लादीवर पातळ सतरंजी घालून पोरींना वर फेकतात, मी गेल्या चवथीला आले होते तेव्हा डोळ्यांनी बघितलंय, माझा जीव गोळा झाला होता. वय तर राहिलंच बाजूला.

मडगावकर_स्टॉपर
लादीवर?? आम्ही गोलकीपरला सुद्धा लादीवर डाइव्ह मारायला लावत नाही.

पेडेवाली_आई
आयोजकांना विचारलं. तीन गोष्टी लिहून पाठवल्या, लेव्हल कुठली, २०१४ च्या मुलींसाठी वेगळा गट आहे का आणि फ्लोअर कसला आहे. वेगळ्या गटाबद्दल म्हणाले एंट्री आल्या तर करू. लेव्हलबद्दल काहीच नाही. फ्लोअरचं उत्तर आलं, "मॅडम हॉल एकदम मोठा आहे, काळजी नको."

फोंड्याचे_सर
फी भरू नका अजून. कोचना माझा नंबर द्या, मेसेजमध्ये पाठवतो.