पतीने पुण्यात घटस्फोटाचा दावा लावला आहे. मोफत वकील मिळेल का?

प्रश्न:
माझ्या पतीने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका दाखल केली असून, तिचे समन्स मला गेल्या सोमवारी नाशिकला माहेरी मिळाले. मी भांडून घर सोडले असे याचिकेत म्हटले आहे. प्रत्यक्षात दीड वर्षापूर्वी त्यांनीच मला आणि सहा वर्षांच्या मुलीला येथे आणून सोडले. या आरोपांवर मला घटस्फोट मान्य नाही. शिवणकामातून महिन्याला सात-आठ हजार रुपये मिळतात आणि वकिलांनी सुरुवातीलाच चाळीस हजार मागितले. तारखेला गेले नाही तर काय होईल?

प्रतिसाद १:
ताई, गैरहजर राहिलात तर न्यायालय दावा एकतर्फी चालवून निकाल देऊ शकते, आणि तो रद्द करून घेणे हे आत्ता हजर राहण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. लेखी जबाब समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत देणे अपेक्षित असते, त्यामुळे हा आठवडा वाया घालवू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा, किंवा १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा. कौटुंबिक न्यायालयात वकिलाला हक्क म्हणून उभे राहता येत नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागा. स्वतःची थोडी कमाई आहे म्हणून हा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्देशांनुसार दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज जितका उशिरा तितके आपलेच नुकसान.

प्रतिसाद २:
मी याच वाटेने गेले आहे. प्राधिकरणात आधारकार्ड आणि समन्सची प्रत एवढेच मागितले, पण पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. लेखी तक्रार केल्यावर दुसऱ्या वकीलबाई मिळाल्या. त्यांनी मला शंभर पानी वही आणायला लावली आणि लग्नाच्या दिवसापासूनचे प्रसंग तारखेनिशी लिहून घेतले, त्यात माझ्या बाजूने झालेल्या चुकासुद्धा. उलटतपासणीत त्याच चुका समोरून विचारल्या गेल्या आणि मी गडबडले नाही. पतीचे मेसेज मोबाइलमधून पुसू नका.

प्रतिसाद ३:
एवढे लढण्यापेक्षा परस्पर संमतीने मोकळ्या का होत नाही? वर्षे जातात यात.

प्रतिसाद १:
संमतीचा मार्ग नंतरही खुला राहतो. मध्यस्थीत तडजोड झाली तर याच दाव्याचे रूपांतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटात, करता येते. मात्र पोटगी, स्त्रीधन आणि मुलीचा ताबा यांवर लेखी ठरण्याआधी कशावरही सही करू नका. नाशिक-पुणे ये-जा झेपत नसेल, तर दावा नाशिकला वर्ग करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लहान मूल सोबत असणे हे त्यात महत्त्वाचे कारण ठरते. पण केवळ अर्ज केला म्हणून पुण्याची तारीख थांबत नाही, स्थगिती मिळेपर्यंत तेथे हजर राहावेच लागते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. उद्या शिवणाचे काम बाजूला ठेवून प्राधिकरणात जाते. मुलीच्या शाळेच्या फीच्या पावत्या सोबत नेऊ का?

प्रतिसाद २:
न्या, आणि प्रत्येकीची झेरॉक्स घरी ठेवा.